गावच्या देवळात जाताना: ओटी, गाऱ्हाणं आणि कौल

शिर्डी, तुळजापूर, सिद्धिविनायक करून आलेला माणूस कोकणातल्या ग्रामदेवतेच्या देवळात पहिल्यांदा शिरतो तेव्हा जरा बावचळतो. रांग नाही, पास नाही, फुलवाल्यांची ओढाताण नाही. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, मंडपात लाकडी खांब, कोपऱ्यात टांगलेला ढोल, आणि दुपारची वेळ असेल तर माणूसही नाही. मग तो हात जोडतो, पेटीत दहा रुपये टाकतो, फोटो काढतो आणि पाच मिनिटांत बाहेर येतो. दर्शन झालं खरं, पण आजोबा ज्यासाठी दरवर्षी रजा काढून गावाला जायचे ते राहूनच गेलं.

या देवळांत आपण एकट्याने देवाशी बोलून मोकळं व्हायचं नसतं. आपलं म्हणणं गुरव, म्हणजे देवळाचा पुजारी, देवापुढे मांडतो (हेच गाऱ्हाणं), आजूबाजूला उभी असलेली माणसं त्याला होकार देतात, आणि कधीकधी देवाचं उत्तरही तिथल्या तिथे घेतलं जातं (तो कौल). म्हणून तयारी करायची ती मुख्यतः दोन गोष्टींची: आपण कोण, आणि आपलं म्हणणं काय. बाकी सामान गावच्या दुकानात मिळतं.

पुढे लिहिलंय ते बहुतेक सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांपुरतं आहे. रीती दर दोन गावांमागे बदलतात. इथे लिहिलेलं एक आणि तुमच्या गावचा गुरव सांगतो ते दुसरं असं झालं, तर गुरवाचं ऐका.

निघण्याआधी घरात चौकशी

देवळात पहिला प्रश्न येतो तो "खंयचे तुमी? कोणाचे?" याचं उत्तर "डोंबिवलीचे" हे नव्हे. मूळ गाव, वाडी, घराणं आणि गावात शेवटी राहिलेल्या माणसाचं नाव, एवढं सांगता आलं की गुरवाच्या चेहऱ्यावर ओळख उमटते. आजोबांचं नाव पुरत नसेल तर पणजोबांचं विचारून ठेवा. घरात आत्या असेल तर आधी तिला फोन करा. माहेरच्या देवाच्या रीती आत्यांना जितक्या पाठ असतात तितक्या भावांना नसतात.

तिला विचारायचं ते असं. आपलं ग्रामदैवत कोणतं आणि कुलदैवत कोणतं? ही दोन वेगळी असू शकतात. रवळनाथ, सातेरी, पावणाई, माउली, गांगेश्वर ही गावची दैवतं. कुलदैवत मात्र कुणाचं गोव्यात मंगेशीला, कुणाचं गुहागरला व्याडेश्वर, तर कुणाचं पार घाटावर अंबेजोगाईला योगेश्वरी. आधी कुणाकडे जायचं, हा क्रम घराण्यात ठरलेला असतो. दुसरं, आपल्या घराची वर्षल काय आहे, म्हणजे दरवर्षी देवाला काय द्यायचं असतं: नारळ, केळी, राखणदार देवाला कोंबडा? आणि तिसरं, कुणी बोललेला नवस फेडायचा राहिलाय का? हे तिसरं विचारल्यावर पलीकडे बहुतेक वेळा थोडा वेळ शांतता पसरते आणि मग एखादी चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट बाहेर येते. ती ऐकून घ्या, लिहून ठेवा. पुढे कामाला येते.

घरात सोयर किंवा सुतक असेल तर जाणं पुढे ढकला. गावात भावकी एकच असते, त्यामुळे मुंबईत तुम्हाला ज्याचं सुतक ठाऊकही नाही ते गावात पाळलं जात असतं. मासिक पाळीत देवळात न जाण्याची रीत बहुतेक घरांत अजून आहे. देवळात कुणी विचारायला येत नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मग गुरवाला फोन. हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत जास्त वेळा टाळलं जाणारं काम. गावात गुरवांची एकाहून जास्त घरं असली तर पूजेच्या पाळ्या लागलेल्या असतात, म्हणजे गेल्या वेळी भेटलेला गुरव या वेळी पाळीवर असेलच असं नाही. शिवाय सकाळची पूजा आटोपली की तोही शेतावर, बाजारात किंवा नोकरीवर जातो. "उद्या नऊच्या सुमारास येतो, ओटी आहे आणि गाऱ्हाणं घालायचं आहे" एवढं आदल्या दिवशी सांगितलं की तो थांबतो. कौल घ्यायचा असेल तर तेही आत्ताच सांगा. बऱ्याच देवळांत कौल ठरावीक दिवशीच घेतात.

गुरवाला "भटजी" म्हणू नका. ग्रामदेवतेची पूजा बहुतेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या गुरवाकडे असते. लघुरुद्र किंवा अभिषेक करायचा असेल तर भटजी वेगळे बोलवावे लागतात. वयाने मोठा असेल तर "काका" म्हणा, झालं.

केव्हा जावं

सकाळी, पूजा झाल्यावर आणि उन्हं चढायच्या आत. दुपारी गाभारा बंद असतो, संध्याकाळी दिवाबत्तीची वेळ असते. तेव्हा शांत बसायला छान वाटतं, पण ओटी-गाऱ्हाण्यासाठी सकाळच बरी. महिना म्हणाल तर दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. भात कापून झालेलं असतं, माणसं मोकळी असतात, जत्रा सुरू झालेल्या असतात. पावसात जायचं असेल तर एकच सांगणं: देवळाकडे जाणाऱ्या घाटीच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि अनवाणी पायाला ते दिसत नाही. म्हाताऱ्या माणसाचा हात धरा.

शिमग्यात, विशेषतः रत्नागिरीकडे, एक गंमत होते. तुम्ही देवीला भेटायला देवळात जाता आणि देवी देवळात नसते. फाल्गुनात देवाची रूपं पालखीत लागतात, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसते आणि मग वाडीवाडीतून घरोघर फिरते. कुठे तेरसेचा शिमगा, कुठे पौर्णिमेचा, म्हणजे होम (होळी) शेजारच्या दोन गावांतही वेगळ्या रात्री होऊ शकतो. त्या दिवसांत पालखी आपल्या वाडीत कधी येणार ते विचारायचं आणि आपल्या अंगणात ओटी भरायची. घर बंद असेल तर ते एका दिवसासाठी का होईना उघडा, अंगण सारवा, रांगोळी घाला. कुलूप लावलेल्या दारासमोरून पालखी पुढे गेली की गावात राहणाऱ्या म्हाताऱ्यांना ते फार लागतं.

दसऱ्याला दक्षिण सिंधुदुर्गात तरंग निघतात. लांब काठीला साड्या-वस्त्रं गुंडाळलेलं देवाचं ते चिन्ह असतं. ते धरणाऱ्याच्या अंगात अवसर, म्हणजे देवाचा संचार, येतो, लोक समोर जाऊन आपलं दुखणं सांगतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या दिवशी फक्त बघावं. गर्दीत मान कुणाचा, उभं कुठे राहायचं याचे बारकावे असतात आणि तुम्हाला समजावून सांगायला तेव्हा कुणाकडे वेळ नसतो.

सामान

नारळापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथे होतो. शहरातल्या दुकानात चटणीचा नारळ मिळतो, पूर्ण तासलेला, तुळतुळीत. देवाला ठेवायचा नारळ सोललेला हवा, पण शेंडी शाबूत हवी. दुकानदाराला "देवाक ठेवचो नारळ" म्हटलं की तो बरोबर काढून देतो. कानाशी धरून हलवा, पाणी वाजलं पाहिजे. कवटीला तडा नाही ना ते नखाने चाचपून बघा. शेंडीखाली ओल लागली तर तो नारळ बाजूला ठेवा, आतून नासलेला असण्याचा संभव जास्त. आणि किती घ्यायचे ते गुरवाला विचारून घ्या. मुख्य देवाला एक ठेवून भागत नाही. आवारात इतर देवांचीही ठाणी असतात: ब्राह्मणस्थळ असतं, पूर्वस असतो, बाहेर राखणदार असतो. कुठे प्रत्येकाला नारळ, कुठे नुसता विडा. दोन जास्तीचे घेतले तर वाया जात नाहीत.

विडा म्हणजे दोन पानं आणि सुपारी. फुलं गावातलीच घ्या: अबोलीची वेणी, मोसम असेल तर सुरंगीचा वळेसर (गजरा), जास्वंद, तुळस. मुंबईहून पिशवीत कोंबून आणलेला झेंडूचा हार सावंतवाडीपर्यंत काळा पडतो. अगरबत्ती, कापूर, तेल. तेलाची बाटली गावच्या देवळात कुणी मागत नाही, पण दिली तर खरोखर उपयोगी पडते.

काही ठिकाणचं देणं वेगळं आहे. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला साध्या मापाच्या नव्हेत, चांगल्या दांडग्या. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा. राखणदाराला कोंबडा देण्याची रीतही अनेक घराण्यांत आहे, आणि त्याच आवारातल्या दुसऱ्या देवाला मात्र शुद्ध शाकाहारी नैवेद्य. ज्यांना हे चालत नाही ते राखणदारालाही नारळावर भागवून घेता येईल का असं गाऱ्हाण्यात विचारतात, आणि बहुतेक गुरव ते मांडून देतात.

देवळात पोचल्यावर

चपला पायरीखाली. पाय धुवायला पाणी असतं, ते वापरा. दीपमाळ आणि तुळस यांना बाहेरच हात जोडून मग मंडपात या, घंटा एकदाच वाजवा. गाभाऱ्यात स्वतःहून शिरू नका. काही देवळांत चौकाच्याही आत मानकऱ्यांशिवाय कुणी जात नाही, म्हणून उंबऱ्याशी थांबून गुरवाकडे बघायचं, तो हाताने दाखवतो कुठवर यायचं ते.

समोर घडीव मूर्तीच असेल असं नाही. पाषाण असेल, मुखवटा असेल. सातेरीच्या देवळात तर गाभाऱ्यात वारूळ असतं, त्यालाच साडी नेसवून मुखवटा लावलेला. लहान मुलं "देव कुठाय?" असं मोठ्याने विचारतात, त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. मोबाइल खिशात ठेवा. मंडपाचा, खांबांवरच्या कोरीव कामाचा फोटो विचारून काढता येतो, गाभाऱ्याचा नको.

प्रदक्षिणा डावीकडून सुरू करून देवाला उजव्या हाताला ठेवत. शंकराचं देऊळ असेल तर पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर येतं ते सोमसूत्र ओलांडायचं नसतं, तिथवर जाऊन मागे फिरायचं. देवगडच्या कुणकेश्वरला समुद्र बघण्याच्या नादात लोक हे विसरतात. गणपतीपुळ्याला उलट, तिथला स्वयंभू गणपती डोंगराच्या पोटात, त्यामुळे प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला घालावी लागते. साधारण किलोमीटरभराची पाखाडी (दगडी वाट) आहे, एका बाजूला समुद्र. देव पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे संध्याकाळी उन्हं थेट देवळाकडे येतात. दुपारी बारा वाजता अनवाणी त्या चिऱ्यांवरून चालायचं धाडस करू नका.

ओटी

देवी असेल तर ओटी. सूप मिळालं तर सूप, नाहीतर ताट. खाली साडी किंवा खण, घडी न मोडता. त्यावर मध्यभागी नारळ, शेंडी देवीकडे. शेजारी विड्याची पानं, त्यांचे देठही देवीकडे, त्यावर सुपारी, हळकुंड, खारीक, बदाम, एक नाणं. हिरव्या बांगड्या, हळद-कुंकवाच्या पुड्या, वेणी. आणि तांदूळ, मूठभर नव्हे, चांगले ओंजळ भरतील इतके. आधी हळद-कुंकू गुरवाकडे द्यायचं, तो देवीला लावतो. मग ओटी दोन्ही हातांनी छातीशी धरून, मनात काय असेल ते म्हणून पुढे करायची. गुरव ती घेऊन देवीच्या पायाशी ठेवतो, आणि थोड्या वेळाने त्यातलं काही परत तुमच्या पदरात घालतो: नारळाची भकल (अर्धी वाटी), थोडे तांदूळ, देवीच्या अंगावरचं एखादं फूल. पदर नसेल तर ओढणी पसरा, तीही नसेल तर ओंजळ. एका हाताने घेऊ नका.

साडीबद्दल माझं एक मत आहे. दुकानात "ओटीची साडी" म्हणून जी जाळीची, दोन धुण्यांत विरणारी वस्तू मिळते ती देवीला देऊ नये. मोठ्या देवस्थानांत अशा साड्यांचे ढीग होतात आणि मग लिलाव. त्यापेक्षा चांगला खण द्या. खण ओटीत पूर्ण मानाचा आहे.

आणखी एक. वडील गेले म्हणून आईला ओटी भरताना मागे उभं करायची पद्धत अजून दिसते. गुरव अडवत नाही, घरातली माणसंच अडवतात. ती तिच्या गावच्या देवीला इतकी वर्षं भेटत आली आहे. तिला पुढे उभं करा.

गाऱ्हाणं

आता मुख्य काम. नारळ ठेवून झाला की गुरव तुमच्याकडे वळून विचारतो, काय सांगायचंय? इथे लोक दोन प्रकारे गडबडतात. काही जण लाजून "काही नाही, सगळ्यांना सुखी ठेव" म्हणतात. काही जण पूर्ण कौटुंबिक इतिहास सुरू करतात. एका दमात सांगता येईल असं, ठोस म्हणणं तयार ठेवा. "मुलीचं लग्न ठरलंय, मेमध्ये आहे, निर्विघ्न पार पडू दे." "पडवीची भिंत काढून घर दुरुस्त करायचंय, त्याला मान्यता असावी." "बाबांचं ऑपरेशन आहे." सोबत नावं: ज्याच्यासाठी गाऱ्हाणं आहे त्याचं, घरच्या कर्त्याचं.

मग गुरव हात जोडून देवाकडे तोंड करतो, आणि त्याचा आवाज बदलतो. सिंधुदुर्गात ते साधारण असं चालतं:

"बा देवा म्हाराजा, बारा-पाचाच्या धन्या! आज ह्या तुझा लेकरू मुंबयसून तुझ्या पायाकडे इला हा…"

"व्हय म्हाराजा!"

"जो काय पान-नारळ तुझ्या म्होरां ठेवल्यान हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला-माकला असात ता पोटात घाल. मनात धरलेला काम पार पाड. एकाचे एकवीस कर, पाचाचे पंचवीस कर, आणि पुढच्या वर्साक सगळ्यांका हसत-खेळत तुझ्या दारात हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा "व्हय म्हाराजा" तुम्हालाही म्हणायचा आहे. पहिल्यांदा तोंडातून फुटत नाही, शहरी माणसाला संकोच वाटतो. पण गुरव थांबतो तो त्यासाठीच. मंडपात दुसरं कुणी बसलेलं असेल, लाकडाची मोळी खाली ठेवून टेकलेली एखादी बाई असेल, तीही तुमच्यासाठी म्हणते. तुमचं नावही तिला ठाऊक नसतं. गाऱ्हाणं चालू असताना मध्येच "आणि त्याच्या नोकरीचं पण सांगा" असं सुचवू नका. राहिलं ते राहिलं, शेवटी मनात म्हणा.

गाऱ्हाण्यात भांडण आणायचं की नाही? जमिनीचे, भावकीचे वाद लोक आणतात, आणि त्यालाही जागा आहे. "जा खरा असात ता समोर येवंदे" इथवर ठीक. दुसऱ्याचं वाईट व्हावं असं मागणं मांडायला अनेक गुरव सरळ नकार देतात, आणि मला तेच योग्य वाटतं.

कौल

कौल प्रत्येकाने घ्यायलाच हवा असं नाही. साध्या दर्शनात त्याची गरज नसते. पण कोकणात अजून घर बांधताना, लग्न ठरवताना, बंद पडलेली वर्षल पुन्हा सुरू करताना लोक कौल लावतात, म्हणून पद्धत माहीत असावी.

पाषाणावर किंवा मूर्तीवर ठरलेल्या जागा असतात. गुरव कळ्या किंवा पाकळ्या, कुठे तांदळाचे दाणे, पाण्यात भिजवून त्या जागांवर एकेक चिकटवतो. मग तुमचा प्रश्न गाऱ्हाण्यासारखा मांडतो आणि बाजूला होतो. आता नुसतं बघायचं. समईच्या उजेडात दगड ओला चमकत असतो, कळ्या जिथल्या तिथे असतात. कुणी बोलत नाही. एखादी कळी किंचित सरकते, थांबते, आणि मग पडते. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हा सर्वसाधारण अर्थ. कोणत्या जागेची कळी कशासाठी, हे त्या त्या देवळाचं गणित आहे आणि ते गुरवालाच ठाऊक. कधी काहीच पडत नाही. मग गुरव गाऱ्हाणं पुन्हा घालतो, प्रश्न जरा बदलून विचारतो, किंवा "आज देव बोलणा नाय" म्हणून आटोपतं घेतो. त्याला घाई करू नका. परतीच्या गाडीची वेळ गाठायची असेल त्या दिवशी कौल नकोच.

प्रश्न हो-नाही मध्ये उत्तर येईल असा हवा. "काय करू?" याला कौल नाही. आणि ज्याचं उत्तर आपण पाळणार नाही तो प्रश्न विचारू नये. डावा कौल आला म्हणून मनासारखं उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा लावायला सांगणारे लोक असतात, गुरवही कंटाळतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट. आजार असेल तर गाऱ्हाणं जरूर घाला, पण ऑपरेशन करायचं की नाही हे डॉक्टरला विचारा, कळ्यांना नव्हे. आणि देवळाच्या आसपास कुणी "करणी झाली आहे, अमक्याने केली" असं सांगून पैसे मागू लागला तर तिथून उठा. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अशा एका वाक्याने दोन घरं पिढ्यान्‌पिढ्या बोलेनाशी होतात.

गावाच्या पातळीवर कौलाचं वजन किती, हे बघायचं तर मालवण तालुक्यातलं आचरे घ्या. तिथे दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण होते. सारा गाव गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर जाऊन राहतो, आणि परत यायचं तेही कौल झाल्यावरच. अशा वेळी तुम्ही दर्शनाला पोचलात तर गाव रिकामा सापडेल.

नवस

नवस बोलताना हात आखडता ठेवा. उत्साहात "सोन्याचा मुकुट" बोलून जाणारे पुढे वर्षानुवर्षं गावाकडे फिरकत नाहीत. नारळ, ओटी, तुलाभार, जत्रेत लोटांगण, एक दिवसाचं जेवण, हे लोक नेहमी बोलतात आणि फेडतातही. लोटांगणाचा विचार असेल तर सावंतवाडीजवळच्या सोनुर्लीच्या माउलीची जत्रा आधी एकदा बघून या, ती लोटांगणांची जत्रा म्हणूनच ओळखली जाते.

आत्याने सांगितलेला तो जुना, राहिलेला नवस? तो जसाच्या तसा फेडणं आज शक्य नसेल तर गुरवाला सगळं सांगा. "आजी अमुक बोलली होती, ती गेली, आम्हाला आत्ता कळलं, एवढं एवढं करू शकतो" असं गाऱ्हाणं घालून, लागलंच तर त्यावर कौल घेऊन, त्याचा निकाल लावता येतो. भीतीपोटी दहा ठिकाणी शांती करत फिरण्यापेक्षा हे सरळ आणि स्वस्त.

जत्रेला जायचं असेल तर

आंगणेवाडीची भराडी देवी हे मोठं उदाहरण. मसुरे गावातली एक वाडी, पण जत्रेला लाखांनी माणूस. या जत्रेची तिथी पंचांगात नसते. देवीचा कौल आणि शिकारीची प्रथा पार पडल्यावर तारीख जाहीर होते, आणि ती कळताच कोकण रेल्वेचं बुकिंग भरून जातं. म्हणून दिवाळीनंतर कान उघडे ठेवा. उतरायला कणकवली, सिंधुदुर्ग आणि कुडाळ ही तिन्ही स्टेशनं चालतात, तिथून जत्रेच्या एस.टी. सुटतात. तिथल्या आंगणे घराण्यातल्या बायका मौन पाळून देवीच्या प्रसादाचा स्वयंपाक करतात; त्या वेळी त्यांच्याशी बोलायला जाऊ नका, वाटेतही उभं राहू नका. म्हातारी माणसं सोबत असतील तर जत्रा टाळून आधी किंवा नंतर एखाद्या साध्या दिवशी जा, देवी तीच असते आणि बसायला जागा मिळते.

आपल्या गावची छोटी जत्रा मात्र चुकवू नये. रात्री पालखी फिरते, मग दशावताराचं नाटक उभं राहतं आणि पहाटे दहीकाला होतो. चटई, स्वेटर आणि टॉर्च एवढं पुरे. जत्रेतला खाऊ म्हणून खाजं घ्या, पण गुळाचं, आल्याचा वास येणारं.

पैसे आणि परतणं

दानपेटी देवस्थानाची, गुरवाच्या हातातली दक्षिणा गुरवाची. दोन्ही वेगळ्या द्या. मोठी देणगी द्यायची असेल तर पावती मागा. सिंधुदुर्गातली अनेक देवळं कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत, बाकीच्यांचे गावचे ट्रस्ट आहेत, पावती मागण्यात कुणाला राग यायचं कारण नाही. जीर्णोद्धाराची वर्गणी मागितली तर नक्की काय करणार ते विचारा. चिरा आणि लाकूड काढून टाइल्स आणि स्लॅब घालायचा बेत असेल तर तुमचं मत तिथेच नोंदवा. पैसे देणाऱ्याचं ऐकतात.

निघताना देवाकडे पाठ करून धावत सुटू नका, दोन मिनिटं मंडपात टेका. प्रसादाची भकल वाटेत भेटेल त्याला द्या, उरलेली भावकीत. निर्माल्य खाडीत टाकू नका, गुरवाकडेच सोडा.

पुढच्या वर्षी येणं जमलं नाही तर वर्षलीचा नारळ गावातल्या चुलत्याकडून ठेवून घेता येतो. पैसे आधी पाठवा, आणि गाऱ्हाण्यात कुणाकुणाचं नाव घ्यायचं ते फोनवर न सांगता लिहून पाठवा. नव्या सुनेचं आणि गेल्या वर्षी जन्मलेल्या पोराचं नाव नेमकं त्यातच राहून जातं.